पाय मोकळे करायला

फलक मीच रंगवला, मे महिन्यात.
पिवळ्यावर काळं: सोपी वाट, तीन किलोमीटर.
लहान मुलं, म्हातारी माणसं, बाबागाडी चालेल.
कुत्रा साखळीत ठेवा.
पावसानंतर फळ्या निसरड्या होतात
म्हणून वर कोंबड्यांची जाळी ठोकलीय,
बुटाखाली ती कुरकुरते.

पाइनच्या झाडांतून निघते वाट,
ब्लूबेरीची झुडपं घोट्याला लागतात,
मग घराएवढाले दगड, पाठीवर शेवाळ घेऊन बसलेले.
कुठल्याशा हिमनदीनं फिनलंडहून आणले
आणि जाताना विसरली.
टालिनची पोरं त्यांवर चढून फोटो काढतात.
चढण अशी नाहीच. एकच उतार,
तोही ताटातलं वरण वाहील न वाहील इतका.

दर गुरुवारी उर्वे येते.
अठ्ठ्याहत्तर वर्षं, डाव्या गुडघ्यात लोखंड,
हातात स्कीची जुनी काठी, एकच.
फलकापाशी थांबते
आणि ‘सोपी’ या शब्दाकडे बघून हसते,
लग्नात दूरच्या नातेवाइकाची थाप
ऐकून घ्यावी तसं.

तिचं घर अजून तिथंच, निळ्या खिडक्यांचं.
समुद्र हाकेच्या अंतरावर.
पण हाकच मारायची नव्हती.

सांगते: संध्याकाळी ट्रॅक्टर यायचा,
मागं दंताळं बांधलेलं,
अख्खा किनारा विंचरून जायचा,
शाळेच्या पहिल्या दिवशी आईनं विंचरावं तसा, घट्ट.
सकाळी सैनिक यायचे, वाकून वाळू वाचायचे.
पाऊल दिसलं, तर कोणी पळालं
किंवा कोणी आलं.
बापाची होडी आधी साखळीनं बांधली,
मग मधोमध करवतली.
अर्धी आईनं कोंबड्यांना दिली.
एंडेल, म्हणजे बाप, त्यानंतर
मासळीच्या वासाला उठून बाहेर जायचा.

“एकदा कोल्हा गेला वाळूवरून.
दोन माणसं नि एक कुत्रा
दुपारपर्यंत त्याच्या मागं!”

आणि एकदा ती. नऊ वर्षांची,
जूनमधली रात्र,
इथं जी धड काळी होतच नाही.
अनवाणी, पाठमोरी चालत गेली पाण्यापर्यंत,
पावलं समुद्रातून आल्यासारखी दिसावीत म्हणून.
परत कशी आलीस?
“पाण्यातून. ओढ्यातून. ते विचारायचं नसतं.”
तीन दिवस शोधत होते
समुद्रातून आलेला हेर, पायाचं माप एकतीस.
तिसऱ्या दिवशी घरोघर मुलांचे बूट मोजले.
इथं ती गोष्ट थांबवते.
गावात एकतीस मापाची चार मुलं होती,
एवढंच मला ठाऊक.

आता दंताळं माझ्याकडे आहे,
लाकडी दांड्याचं, वर नगरपालिकेचा आकडा.
फळ्यांवरच्या पाइनच्या सुया ओढतो.
नोकरीच्या पहिल्या वर्षी
वाळूही ओढली होती, हौसेनं,
शनिवारची माणसं येणार म्हणून, रेघा सरळ.
उर्वे त्या दिवशी
वाळूच्या कडेवरूनच परत फिरली.
मला कोणी सांगितलं नव्हतं.
माझा जन्म त्र्याण्णवचा.

आज म्हटलं, गुडघा असा, आणि येतेस कशाला?
“पाय मोकळे करायला,” म्हणाली
आणि खाली बसून बूट काढू लागली.
डाव्याची नाडी मी सोडवली.

मग गेली. पाऊल, काठीचं भोक, पाऊल,
मध्ये एक फरफट.
बाल्टिकला भरती म्हणण्यासारखी नसते,
पुसायचं काम वाऱ्याचं,
आणि वारा आज आळशी.

काल तिसऱ्या पुलापाशी, ओल्या मातीत
कोल्ह्याची पावलं होती, एका ओळीत.
नोंदवहीत त्यासाठी रकाना आहे.
मी लिहिलं:
फळी क्रमांक चाळीस, खिळा सैल.