गुळणी

शनिवारी चियातुरात, ग्रंथालयाच्या गार हॉलमध्ये
एतेरीनं आम्हां आयांना पाण्याचे पेले वाटले.
म्हणाली, घोट घ्या, गिळू नका.
आता मुलं बोलतील.

आम्ही अकरा जणी आणि एक आजोबा,
गाल फुगवून बसलेलो.
कुणाला तरी हसू फुटलं, स्वेटर भिजला,
तिचा पेला पुन्हा भरला.

एतेरी झाली नगरपालिकेतली साहेबीण.
नाकावर चष्मा, हातात बटाट्याचा शिक्का.
"हं, काय अर्ज आहे?"

माझा वाझा, एकोणीस वर्षांचा.
त्याचा एक शब्द ओठांवर येईपर्यंत
रोपवेचा डबा दरी ओलांडून परत येतो.
एवढा वेळ कुणाला असतो?
मीच वाक्य पुरं करते,
रॅम्प हवा म्हणते, नवी खुर्ची हवी म्हणते.

"मला,"
तो म्हणाला.
माझी जीभ पाण्यात तडफडली.
"बाजारात."
शेगडीतलं लाकूड तडकलं.
"एकट्याला."

पाणी घशाखाली कधी गेलं, कळलं नाही.

घरी येताना आम्ही भांडलो.
उतार केवढा, चाकं किती जुनी, वगैरे.

मंगळवारी खरी कचेरी, खरा शिक्का.
साहेबांनी त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.
"काय हवंय याला?"

उत्तर मला पाठ होतं.
त्यांचा चहा निवत चालला.
वाझानं मान वर केली, ओठ जुळवू लागला.

माझं तोंड कोरडं ठाक.
तरी मी गुळणी धरून बसले.