दशांशचिन्ह

शुक्रवारी शेवटच्या तासाला फलक माझा.
अक्षर बरं म्हणून गळ्यात पडलेलं काम,
सव्वीस वर्षं झाली, कुणी परत मागितलं नाही.
चार फूट बाय तीन, पाण्याच्या टाकीशेजारी,
वर कधीकाळी रंगवलेले दोन मथळे:
डावीकडे 'अभिनंदन', उजवीकडे 'आगामी'.

डावी बाजू बहुतेक ओकीबोकी.
दांडिया बाजारामागची आमची शाळा,
सहावी, सातवी, आठवी मिळून एकशे नऊ पोरं;
घरी मराठी, गल्लीत गुजराती,
भांडताना दोन्ही.
जैनिल घोरपडेनं मगर केली, विश्वामित्रीतली,
डोळ्यांत दोन दिवे;
परीक्षक आले तेव्हा एकच लागला.
उत्तेजनार्थ. तेही लिहिलं, गुलाबी खडूनं.
खो-खोच्या मुली हरल्या.
'उपांत्यपूर्व फेरीपर्यंत धडक' असं लिहिलं.
खोटं नाही ते. आपली भाषा अशा वेळी फार मायाळू.

मग हेतवी शिर्के, सातवी ब,
लांब उडी, जिल्ह्यात तिसरी,
३.६१ मीटर.

फलकाच्या मध्याशी एक टवका उडालाय,
तिथं खडू धरत नाही.
ठिपका नेमका तिथं आला, म्हणजे आलाच नाही.
मधल्या सुट्टीत पोरांचा गलका:
हेतवी तीनशे एकसष्ट मीटर उडाली,
थेट खंडेराव मार्केटात,
पालकाच्या जुड्यांवर पडली!
तीही हसली. मग हळूच माझ्यापाशी:
'सर, सोमवारपर्यंत पुसू नका ने.
पप्पा रात्रपाळी सुटली की सरळ इकडे येणार.'

उजवीकडे तोवर दाटी:
उत्तरायणात जखमी होणाऱ्या पक्ष्यांसाठी रिकामे खोके आणावेत,
शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख,
संमेलनाच्या नाटकात झाडं व्हायला सहा मुलं हवीत,
कमाटीबागेची सहल.
सहल मावेना. ती चौकटीलगत उभी लिहिली,
पोरं मान वाकडी करून वाचत गेली.

सोमवारी प्रार्थनेआधी फलकासमोर एक माणूस.
मकरपुऱ्याला लेथवर असतो,
डोळे जागरणानं तांबारलेले, बाहीला तेलाचा वास.
मला वाटलं, नाव वाचेल, गहिवरेल.
त्यानं आकडा वाचला.
पुन्हा वाचला.
'सर, पॉइंट राहिला.'
आमच्याकडे दोन शतांश चुकले तरी जॉब भंगारात, म्हणाला,
आणि खिशातून काढला
लोखंडावर खुणा करायचा पांढऱ्या रंगाचा पेन,
टवक्यावर टेकवला, जरा दाबून धरला.
हेतवी दप्तराचा पट्टा चावत उभी.
मग त्यानं टेप काढली. टेप तीनच मीटरची.
टाकीच्या कडेपासून लावली, फरशीवर नखानं खूण केली,
उरलेले एकसष्ट सेंटिमीटर पुन्हा मोजले,
आणि तिथं उभा राहून विचारलं, 'एवढं?'
'एवढं,' ती म्हणाली.
घंटा झाली. तो झोपायला घरी गेला.

त्या शुक्रवारी फलक पुसला. ठिपका राहिला.
रॉकेल लावलं, ब्लेडनं खरवडलं,
शिपाई रमणभाईंनी नारळाच्या काथ्यानं घासलं.
'आगामी' तर दरवेळी डावीकडे सांडतंच;
सहलीचे १५० रुपये लिहिले,
आणि सहावीचा एक मोहिते
मुठीत दीड रुपया घट्ट धरून आला.
त्याला परत पाठवताना माझंच तोंड उतरलं.

आता मी अंतर मोजून लिहितो,
शक्यतो वाक्य तिथं आणून संपवतो.
पण या आठवड्यात ती ओळ कोरी आहे.
विभागाच्या स्पर्धा फेब्रुवारीत, तारीख अजून आलेली नाही.
ठिपक्याच्या अलीकडे
एका आकड्यापुरती जागा सोडली आहे.