देखरेखीचं अक्षर

स्वाताऊ बंदरात मी दुभाष्या होतो.
महिना बारा डॉलर चांदीचे, शिवाय दुपारचा भात.
काम एकच: बाकावरच्या प्रत्येकाला विचारायचं,
राजीखुशीने जातोस ना बाबा, अक्कलहुशारीने?
आणि तो बोलेल ते साहेबाच्या भाषेत
काठावरून न सांडता ओतायचं.

त्या उन्हाळ्यात एकोणीस दिवस
मी कुणालाच काही विचारलं नाही.
कारण खुर्ची.
वकिलातीचं म्हणणं, प्रश्न आमच्या छपराखाली;
दाओताईंचा माणूस हवं तर उभा राहील.
यामेनचं म्हणणं, माणसं आमची,
तेव्हा खुर्ची आमची, शिक्का आमचा;
साहेबांनी हवं तर चहा घ्यावा.
मग पत्रं.
काखेत छत्री मारून मी दिवसातून चार खेपा
इकडचे कागदी घोडे तिकडे हाकत होतो.

बाराव्या दिवशी भांडण खुर्चीवरून शब्दावर आलं.
साहेबांना हवी होती तपासणी.
यामेनच्या म्हाताऱ्या कारकुनाने, सोंग बून-खिमने,
लाल शाईत एकच अक्षर काढलं: देखरेख.
साहेब म्हणाले, याचाच अर्थ तुरुंगही होतो ना?
होतो, मी म्हणालो.
सोंग हसला. त्यांना सांग, म्हणाला,
फार जुन्या वळणात हे अक्षर म्हणजे
परातीतल्या पाण्यावर ओणवा माणूस,
स्वतःचं तोंड पाहणारा.
आरसे नव्हते तेव्हाचं.

हे मी भाषांतरात गाळलं.
टपालाची बोट सुटायची होती.

मागे कोठारात दोनशे चाळीस जण.
भात, खारवलेला मुळा,
आणि रोजच्या वाडग्याची रेघ
ज्याच्या त्याच्या कर्जात.
आ-त्याम नावाचा एक, कानामागे भाजल्याचा डाग,
मी दिसलो की उठून उभा राहायचा.
आज विचारणार का?
उत्तर पाठ केलंय मी.
दहा दिवसांनी उभं राहणं त्याने सोडलं.

विसाव्या दिवशी तोडगा निघाला.
दोन खुर्च्या, दोन शिक्के.
वकिलातीची खुर्ची दोन बोटं उंच भरली,
तर सुताराला बोलावून पाय कापले.
भरतीच्या आत दोनशे चाळीस माणसं.
भुसा अजून जमिनीवर होता,
आ-त्याम त्यातच उभा राहिला.

राजीखुशीने?

तो म्हणाला, त्या दिवशी विचारलं असतंत
तर नाही म्हणालो असतो.
आता तुमच्या एकोणीस दिवसांच्या भाताचे पैसे
मी कुठून आणू?

दोन्ही खुर्च्या माझ्याकडे बघत होत्या.
मी म्हणालो, हो म्हणतोय.

शिक्का. शिक्का.

दारात पाण्याचं पिंप होतं.
आ-त्याम त्यावर ओणवा झाला, बराच वेळ.
मला वाटलं, पितोय.
मागच्याने ढकललं तेव्हा पाहिलं,
हातातली वाटी
कोरडीच होती.