जबाबाची नक्कल

नक्कल मिळायला अकरा दिवस लागले.
रेकॉर्डरूमचा कारकून म्हणाला, बाई, सव्वीस वर्षांपूर्वीचं,
वाळवीनं अर्धं नेलेलं, कशाला उकरताय?
मी तिकीट चिकटवलं, सही केली. कन्नडमध्ये.
आता येते मला.

तेव्हा येत नव्हती.
सात वर्षांची होते, वडगावात, मागाच्या खड्ड्यात.
बाच्या पायांची जागा ती, पावड्यांच्या मागं
माझ्यापुरती पोकळी.
लपंडाव चालला होता. राज्य सिद्रामवर,
भिंतीला तोंड लावून मोठ्यानं मोजत होता.
सत्तावीसपर्यंत आला.

खड्ड्यातून माणसं घोट्यापर्यंतच दिसतात.
आईची जोडवी. बाच्या टाचेची भेग.
आणि ते दोन पाय,
उंबऱ्याबाहेर चपला काढून आलेले,
पाहुण्यासारखे.
उजव्या अंगठ्याला नख नव्हतं.
वर जे झालं ते मला नुसतं ऐकून माहीत आहे
आणि ते मी इथंही लिहिणार नाही.
पिवळं लुगडं मागावर होतं, अर्धं विणलेलं.
ताण्यातून माझ्या मानेवर ऊन ऊन गळलं.
मग चपला घालण्याचा आवाज. सावकाश.
एक पट्टा नीट बसेना, तो पुन्हा बसवला.

यार बंदिद्रव्वा? फौजदारानं विचारलं.
मला कळेना, तेव्हा कुणीतरी मराठीत, कोण आलतं गं?
मी म्हणाले, मामा.
हवालदारानं लिहिलं, माव.

कन्नडात म आणि व सख्ख्या भावांसारखे दिसतात,
शेपटीचा काय तो फरक.
आईचा भाऊ माव. सासरा माव.
आत्याचा नवराही मावच.
आमच्यात त्याला अण्णा म्हणत,
पण ते कागदाला कोण सांगणार?
भरमाण्णांचं बाशी सुताच्या पैशावरून भांडण
आठवड्यापूर्वी अख्ख्या गल्लीनं ऐकलेलं.
कागदाला माणूस सापडला.

कोर्टात दुभाष्यानं बोट दाखवलं. हाच ना?
मला तहान लागली होती.
मान हलली ती होकाराला की कोपऱ्यातल्या माठाकडं,
अजून ठरत नाही.
मोठ्यांनी ठरवलंय म्हणजे माझंच चुकलं असणार,
असं वाटल्याचं मात्र आठवतं.
बाहेर मामा उभा होता, कुंद्याचा पुडा घेऊन.
भूक लागूलालीय न्हवं?
मी खाल्ला. बोटं चाटून खाल्ला.

भरमाण्णा हिंडलग्याच्या तुरुंगात नवव्या वर्षी गेले.
आत्यानं कळवलं नाही. तिचं बरोबर होतं.

मामानं शिकवलं मला, वह्या घेतल्या, तापात उशाशी बसला.
अठरा पुरी झाली त्या आठवड्यात एक कागद पुढं केला,
आईच्या वाट्याची रस्त्यालगतची पाच गुंठे.
आईनं दोनदा परत पाठवलेला तो कागद,
हे मला फार उशिरा कळलं.
मी त्याच्याच पेनानं सही केली. मराठीत.

काल वडगावात गेले. खड्डा बुजवलाय,
वर पॉवरलूम बसवलाय, बोललेलं ऐकू येत नाही.
तिथून मामाकडं.
लकवा झाल्यापासून तो पडूनच असतो, डोळे तेवढे फिरतात.
मामी म्हणाली, बरी आलीस, त्याची नखं कापायची राहिलीत.
मांडीवर पाय घेतला.
चार कापली. दुसऱ्या पायाची पाच.
नखं नऊच होती, सव्वीस वर्षं नऊच आहेत,
दर पंधरवड्याला ती मीच कापत आले.

मग पिशवीतून नक्कल काढली,
कन्नडातून मराठीत करत, बोट ठेवून, ओळ ओळ वाचली.
त्या शब्दापाशी आले
आणि सातव्या वर्षी म्हणाले होते तसंच म्हणाले.
मांडीवरचा मेलेला पाय
हलला नसणार. मला तो हलल्यासारखा वाटला.
स्वयंपाकघरात मामीनं कुकर लावला होता.

मी दाराला आतून कडी घातली,
भिंतीकडं तोंड केलं
आणि मोठ्यानं म्हणाले,
अठ्ठावीस.