सहावं भोक

कॉव्हेंट्रीत, चॅपलफील्ड्सच्या कोपऱ्यावर
क्लिफर्ड पेगचं दुकान, शनिवारी अर्धा दिवस.
तबकडीला भुलू नकोस, म्हणतो,
आधी कानाला लाव.
शेजारच्या खोलीत कुणी सुपारी कातरतंय,
इतका बारीक आवाज.

एकोणीसशे एकावन्नचं. सतरा खडे, चावीचं.
काच चरलेली, सातच्या आकड्यापाशी गंजाचा तीळ.
पॉलिश नको, मी म्हणतो.
तो पहिल्यांदाच हसतो.

घरी सात आहेत. रविवारी ओळीने चावी देतो;
निर्मोही म्हणते, वॉर्डात औषधं वाटल्यासारखी.
आठवं कशाला, हे मात्र ती विचारत नाही आता.

पट्ट्याला पाच भोकं कारखान्यातली.
सहावं खिळ्याने पाडलेलं, वाकडं, पार आत.
कुणाचं तरी मनगट उतरत गेलं होतं
आणि तरी त्याला वेळ बघायची होती.

क्लिफर्ड नवा पट्टा काढतो, वर फुकट.
राहू दे.

मला तिसरं बसतं.
बसमध्ये, कुणी बघत नाहीसं पाहून,
सहाव्यात अडकवतो
हाताला मुंग्या येईपर्यंत.
मान वर करतो तेव्हा
माझा स्टॉप मागे गेलेला.