पडणारा

कुरामित्सु सर फेकायचे,
मी पडायचो.
एकतीस वर्षं. साकाता बंदरामागच्या त्या ज्युदोशाळेत,
जिथं हिवाळ्यात चटयांनाही समुद्राचा वास यायचा
आणि मुलं तोंडातून वाफा सोडत वाकायची.

दाखवायला एक माणूस लागतो.
मी बुटका, गुटगुटीत, हाताशी असलेला.
"इशिगुरो, ये," एवढंच.
मग माझी कॉलर त्यांच्या उजव्या मुठीत,
बाही डाव्या,
आणि जमीन कुठंतरी निघून गेलेली.

पडणाऱ्याकडं कोण बघतं?
सगळे डोळे सरांच्या कमरेवर.
मी हनुवटी छातीशी घेऊन
चटईवर पंजा असा हाणायचो
की खिडकीतली मांजर दचकून उठावी.
तो आवाज माझा. बाकी सगळं त्यांचं.

बायको विचारायची, आज किती वेळा?
दिवसभर बाजारात खोक्यांतले मासे मोजतो मी,
संध्याकाळी आणखी काय मोजू.

एकदा मात्र कळलं,
त्यांचा डावा पाय उशिरा येतोय.
अर्ध्या श्वासाचा उशीर.
मी आपणच उडालो,
जरा जास्तच देखणा पडलो.
मुलांनी टाळ्या वाजवल्या.
सर पट्टा आवळत माझ्याकडं बघत राहिले
आणि महिन्याभरानं शाळेच्या किल्ल्या
माझ्या डब्यावर ठेवून गेले.

आता गुरुवारी मी त्यांच्या घरी असतो.
नर्स दुपारी येते,
आंघोळ त्यांना सकाळीच लागते.
पलंगाच्या कडेला ते, पाय म्हणजे दोन ओले दोर.
मी पाठ करून वाकतो, कंबर त्यांच्या कमरेखाली सरकवतो,
एक हात त्यांच्या पाठीमागं, एक बाहीला.
ओ-गोशी.
पहिल्या दिवशी शिकवलेला डाव,
जो मला कधी नीट करायलाच मिळाला नाही.

वजन पाठीवर येतं.
इतकी वर्षं मी खालून ओळखत होतो ते,
आणि आता एवढंसं.

इथून पुढं फेकायचं असतं.
मी तिथंच थांबतो.

"डावा पाय," कानाशी पुटपुटतात,
"उशीर झाला तुझा."

मग हळूहळू, चाकाच्या खुर्चीत.
टेकता टेकता त्यांचा पंजा हातावर आपटतो,
थप्.
आवाज बारीक. कोन बरोबर.

सवयीनं मी वाकतो,
आणि पाणी तापलंय का बघायला जातो.