रेंज

मोर्शीच्या अलीकडे, आमच्या उपकेंद्रात
रेंज फक्त लसीच्या फ्रीजपाशी येते.
म्हनून नलू सिस्टरनं
माहा स्टूल तिथंच मांडला.

मोबाइलच्या काचेत नागपूरचे डॉक्टर.
त्यांच्या मांगं निळा पडदा,
माह्या मांगं कुटुंब नियोजनाचा तक्ता.

"गोळी जिभेखाली ठेवा, दुर्योधन.
विरघळू द्या. बोलू नका."
पाच मिनिटं आमी दोघं
एकामेकाले नुसते पायत रायलो.
एवढा वेळ माह्याकडे
घरातल्याही कोनी पायलं नाई.

मंग त्यांनी इचारलं,
"त्या कॅप्सूल शेवटच्या कधी घेतल्या?"
अन् चेहरा गोठला. तोंड उघडं, एक भुवई वर.
त्या थिजल्या चेहऱ्याले म्या सांगून टाकलं:
परवा. दोन. संत्र्याच्या पेट्या चढवताना.
कंबरेचं निमित्त होतं,
कंबर दुखत नव्हती.

फ्रीज घरघरला. चित्र हाललं.
"आवाज कटला हो. काय म्हणालात?"

सिस्टर खिडकीभायेर पाहू लागली.
तिनं आयकलं होतं.

जिभेखाली कडू होतं अजून.
"परवा," म्हनलो.
"दोन."